फ्रिजपाशी ठेवलेली चप्पल

“ह्या कूलरमंदी करंट उतरते वं, नीलम. हात लावला का पार कोपरापर्यंत मुंग्या येतात.”

गयाबाईंनी हे सांगितलं तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि नीलमच्या हातात मितूच्या खिमटीची वाटी होती. तिनं वाटी टीपॉयवर ठेवली, कूलरपाशी गेली, पत्र्यावर तळहात सपाट टेकवला आणि मनात दहापर्यंत मोजलं. काही नाही. पंखा घरघरत होता, वाळ्याचा ओला वास येत होता, आणि पत्रा गार होता, बस.

“काही नाही हो आई. मुंग्या शुगरनं येतात. तुम्ही चहात दोन दोन चमचे साखर घालता ना, ती बोलतेय.”

दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना उपाशीपोटी रक्त द्यायला नेलं. शुगर थोडी वाढलेली निघाली. झालं, नीलमला पुरावा मिळाला. गयाबाईंचा चहा त्या दिवसापासून फिका झाला आणि जेवणानंतर एक गोळी सुरू झाली. त्यांनी वाद घातला नाही. लेकाच्या घरी, लखनौसारख्या परक्या मुलखात, शिकलेल्या सुनेशी वाद कशाला घालायचा?

खरं तर गयाबाई वायरमनची बायको. श्रीपतरावांनी अकोल्यात वीज मंडळात तीस वर्षं खांबावर काढली होती. करंट म्हणजे काय आणि मुंग्या म्हणजे काय, हे त्या घरात शाळेच्या पाढ्यांच्या आधी कळायचं. पण नीलम बीएस्सी होती, तीही फिजिक्स घेऊन, आणि स्वतः हात लावून बघितल्यावर दुसऱ्याचं ऐकायची तिला गरज वाटली नाही.

एरवी नीलमइतकी चौकस बाई त्या गल्लीत शोधून सापडली नसती. मितू, म्हणजे संघमित्रा, दहा महिन्यांची होती. तिच्यासाठी टीपॉयच्या चारही कोपऱ्यांना स्पंज लावलेला. जिन्याला जाळीचं दार. खाली हात पोचेल अशा प्रत्येक सॉकेटच्या भोकांवर टेप, आणि ती टेप सुटली नाही ना हे दर शनिवारी तपासणं. दुधाचा वास घेतल्याशिवाय ते गरम व्हायचं नाही. राजरत्न थट्टेनं म्हणायचा, “मितू मोठी झाली की पहिला शब्द ‘सांभाळून’ म्हणेल.”

राजरत्न मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत होता. क्वार्टरसाठी अर्ज केलेला, नंबर लागायचा होता. तोवर जवळच्याच एका गल्लीत सरोज आंटींच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. समोरच्या खोलीत एका भिंतीवर लाकडी फळी, त्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. त्याच खोलीच्या खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर. आता त्या खोलीत सॉकेट एकच, दाराजवळ, आणि ते टीव्हीनं धरलेलं. म्हणून राजरत्ननं बेडरूममधून एक्स्टेंशनची वायर ओढून, दाराच्या फटीतून, सतरंजीखालून कूलरपर्यंत आणली होती. एक्स्टेंशनला भोकं दोनच होती आणि कूलरच्या प्लगला पिना तीन, म्हणून वरची जाड पिन त्यानं पकडीनं मोडून काढली होती.

“इंजिनियर ना रे तू?” नीलमनं तेव्हा विचारलं होतं.

“माझं फील्ड ब्रेकचं आहे यार. आणि ती पिन तशीही शोभेची असते.”

त्या खोलीत फळीमुळे कुणी चप्पल घालत नसे. एक नीलम सोडून. बाळंतपणानंतर तिची टाच धरली होती, डॉक्टरनं सांगितलं होतं की घरातही मऊ रबरी चप्पल पायातून काढायची नाही. तिला अवघडल्यासारखं व्हायचं, पण गयाबाईंनीच समजूत काढली होती. “तुझी टाच दुखते ना, मग घाल तू. भगवान तुझ्या पायाकडे नाही पाहत.”

आता ही रबरी चप्पल आणि तो दहापर्यंत मोजलेला तळहात, ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायला नीलमला सव्वा महिना लागला.

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी चपलेचा पट्टा तुटला. तिनं दोन्ही चपला दाराशी भिरकावल्या आणि अनवाणीच केर काढायला घेतला. गयाबाईंनी नुकतंच कूलरमध्ये पाणी भरलं होतं, त्यातलं थोडं फरशीवर सांडलेलं. मितूला ते दिसलं. खालून थेंब थेंब पडत होते आणि मितूला थेंब म्हणजे खेळणंच. ती रांगत निघाली, दोन्ही पंजे त्या पाण्यात, तोंडानं “तत्त, तत्त” करत. नीलम झाडू टाकून धावली, ओल्या फरशीवर पाय सरकला, आणि सावरायला तिनं कूलरच्या कडेला हात घातला.

हात आपणहून मागे फेकला गेला. दात एकमेकांवर आपटले. काही क्षण तिला वाटलं, कुणीतरी कोपरावर काठी मारली. मग तिनं खाली पाहिलं. मितूचा हात कूलरच्या पायापासून एक वीतभर लांब होता.

तिनं मितूला फ्रॉकला धरून मागे ओढलं, उचललं, तशीच बेडरूममध्ये पळाली आणि भिंतीवरचं बटण बंद करून वायर उपसून काढली. मग ती पलंगाच्या कडेला बसली. मितू ओढल्यामुळे रडत होती आणि नीलमला तिचं रडणं ऐकून इतकं बरं वाटत होतं की तिला गप्प करावंसंही वाटेना.

गयाबाई स्वयंपाकघरातून आल्या. बंद कूलर पाहिला, सुनेचे अनवाणी पाय पाहिले.

“लागला?”

“लागला.”

त्या समोरच्या खोलीत गेल्या आणि कूलरच्या मागच्या कोपऱ्यातून एक लाकडी पाट घेऊन आल्या. तो पाट नीलमनं महिनाभर रोज पाहिला होता. सासूबाई ठेंगण्या, पाणी भरताना हात पुरत नसेल, असं तिनं धरून चाललं होतं.

“मी ह्याच्यावर उभी राहून पाणी भरते,” गयाबाई म्हणाल्या. “तुम्हाले सांगून झालं होतं. मग म्हटलं, आपली सोय आपण पाहावं.”

नीलमला त्या पाटाकडे बघवेना. मितूच्या भोवती तिनं स्पंज लावले, जाळी लावली, टेप लावली. आणि ह्या बाईंनी रोज सकाळी, कुणाला त्रास नको म्हणून, एका लाकडी पाटावर जीव ठेवून पाणी भरलं.

“आई, मी तुमचा चहा फिका केला.”

“ते तर तू केलाच,” गयाबाई म्हणाल्या. “त्याचा हिशेब नंतर करू. आधी हे पाह्य.”

संध्याकाळी राजरत्न आला तेव्हा घर तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. तो दारातच थबकला.

“कूलर बंद का? लाइट गेली?”

नीलमनं सांगितलं. तो गंभीर झाला, मितूला उलटसुलट करून पाहिलं, तिचे तळवे तपासले, आणि मग ठीक आहे असं पाहिल्यावर त्याच्यातला व्यवहारी माणूस परत आला.

“हे बघ, कूलरभोवती रबरी मॅट टाकू. ऑफिसच्या पॅनलसमोर असते तशी. उद्या आणतो. तोवर मितूला त्या खोलीत सोडायचं नाही, बस.”

“नाही.”

“नाही म्हणजे? अगं, इथे सगळ्यांकडे थोडाफार करंट उतरतोच. आमच्या ऑफिसातल्या सत्यजितनं तर वॉशिंग मशीनवर चिठ्ठी चिकटवलीय, ‘सूखे हाथ लगाएँ’.”

“आणि ते तुला हसण्यासारखं वाटतं?”

“मी हसत नाहीये.”

“हसतोयस. राज, तुमच्याकडे ब्रेकमध्ये खोट निघाली तर तू प्रवाशांना चिठ्ठी लावतोस का, की ‘कसके पकड़ के बैठें’?”

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. राजरत्ननं आईकडे पाहिलं, तिथून काही मदत येईना.

“मितूच्या पायात चप्पल नाही,” नीलम म्हणाली. “मितू पाटावर उभी राहत नाही. ह्या खोलीत कूलरसाठी वेगळं सॉकेट बसेल, तिसऱ्या पिनेला खरी अर्थिंग मिळेल, तेव्हाच कूलर लागेल. तोवर नाही. घामोळं आलं तर पावडर लावीन.”

दोन दिवस कूलर बंद राहिला. बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला. मितूच्या मानेवर खरंच घामोळं आलं. राजरत्न ओला गमछा डोक्यावर घेऊन फिरायचा आणि प्रत्येक उसाशात बायकोचं नाव नसलं तरी तिलाच ऐकू जाईल इतका आवाज ठेवायचा. खालून सरोज आंटी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, “अरे बहू, बच्ची को भूनकर रख दोगी क्या? मेरे यहाँ तीस बरस से कूलर चल रहा है, कोई मरा आज तक?”

नीलमनं जाळीच्या दारातून उत्तर दिलं, “आंटी जी, मैं पहले के इंतज़ार में नहीं बैठूँगी.”

गुरुवारी पुत्तन भैया आले. गल्लीतल्या प्रत्येक घराची वायर त्यांच्या हाताखालून गेलेली. पन्नाशीचे, पान खाणारे, पायात चामड्याची चप्पल, खांद्याला पिशवी. त्यांनी खोलीवर नजर टाकली आणि खिडकीखाली बोट दाखवलं. “यहीं ठोंक दें? सबसे पास पड़ेगा.”

“वहाँ पानी गिरता है,” नीलम म्हणाली. “खिड़की से हाथ भर दूर. और ऊपर, बच्ची का हाथ न पहुँचे इतना.”

“जो हुक्म.” पुत्तन भैयांनी टीव्हीच्या बोर्डाचं झाकण उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लावला.

“रुकिए. मेन बंद नहीं किया आपने.”

“अरे भाभी जी, हम चालू लाइन में ही करते हैं. सत्ताईस साल हो गए. हाथ पहचानता है.”

नीलमनं मितूला सासूबाईंकडे दिलं, जिना उतरून खाली गेली, वरच्या मजल्याचा मेन स्विच खाली ओढला आणि त्यातला चिनी मातीचा फ्यूज काढून घेतला. वर आली तेव्हा तो तिच्या मुठीत होता.

“अब कीजिए. और लाइन टीवी के बोर्ड से नहीं लेंगे. नीचे मेन बोर्ड से अलग लाइन आएगी. तीन तार. हरा वाला भी.”

पुत्तन भैयांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “भाभी जी इंजीनियर हैं?”

“बीएससी. फ़िज़िक्स.”

“बस?”

“इतने के लिए बस है.”

काम मात्र ते सफाईनं करत होते, हे तिला मान्य करावं लागलं. भिंत न फोडता प्लॅस्टिकची पट्टी सरळ रेषेत नेली, तिच्यातून तारा ओढल्या, नवा डबा ठोकला. तीन भोकांचं पांढरंशुभ्र सॉकेट, शेजारी स्विच. दुपारचे दोन वाजले. नीलमनं फ्यूज परत बसवला, मेन चालू केला. पुत्तन भैयांनी पिशवीतून होल्डरला दोन तारा जोडलेला बल्ब काढला. एक तार करंटच्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात. बल्ब लखलखला.

“देखिए. अर्थ फुल. अब चलाइए कूलर, और हमको ठंडा पानी पिलाइए.”

राजरत्न त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि कूलरचा प्लग उचलला. प्लग नवा होता, तीन पिनांचा, नीलमनं आणवलेला.

गयाबाई मितूला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बल्बाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “नीलम, लई उजेड पडला वं. मे महिन्यात एवढी अर्थिंग कुठून आली?”

नीलम वळली. “म्हणजे?”

“तुझे सासरे म्हणायचे, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, अर्थिंग मरते. खड्ड्यात पाणी टाकावं लागते. आयतवारी बादलीभर ओतायचे आमच्या मीटरपाशी, मीठ न् कोळसा टाकलेला खड्डा होता. तेव्हा कुठं बल्ब पेटायचा, तोही मिणमिण. इथं खड्डा कुठं हाये?”

ह्या वेळी नीलमनं दहापर्यंत मोजलं नाही. राजरत्नच्या हातातून प्लग घेतला, परत खाली गेली, मेन ओढला, फ्यूज काढला, वर आली.

“भैया, सॉकेट खोलिए.”

“अभी तो लगाया है.”

“खोलिए.”

दोन स्क्रू निघाले. सॉकेट पुढे ओढल्यावर मागचा भाग दिसला. खालून आणलेली हिरवी तार डब्यात गुंडाळून नुसती कोंबलेली होती, कशालाच जोडलेली नव्हती. आणि अर्थिंगच्या मोठ्या पिनेपासून शेजारच्या न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, पिनेपर्यंत, बोटाच्या पेरापेक्षा लहान, एक लाल तारेचा तुकडा वाकवून बसवलेला होता.

राजरत्ननं विचारलं, “ये क्या है?”

“अरे साहब, नीचे हरा तार मरा पड़ा है. अर्थ है ही नहीं इस मकान में. तो न्यूट्रल से उठा लेते हैं. पूरी गली में ऐसे ही है. बल्ब जलता है, पार्टी खुश.”

“आणि आँधीच्या वादळात खांबावरची न्यूट्रलची तार तुटली की?” नीलम राजरत्नकडे बघून मराठीतच म्हणाली. राग आला की तिला हिंदी सुचत नसे. “गेल्या वर्षी दोनदा तुटली होती, आठवतं? सगळ्यांचे पंखे बंद पडले होते. त्या क्षणी परतीची वाट तुटलेला करंट ह्या तुकड्यातून थेट कूलरच्या पत्र्यावर येईल. मुंग्या नाहीत, राज. पूर्ण दोनशेतीस. ही अर्थिंग नाही, ही कूलरला जोडलेली फाशी आहे.”

राजरत्ननं तो लाल तुकडा बोटांनी चाचपला. त्याचा चेहरा त्या दुपारी पहिल्यांदा इंजिनियरसारखा झाला. “भैया, इसे निकालिए,” तो म्हणाला. “अभी.”

“निकाल देंगे. मगर फिर आपका कूलर बिना अर्थ का.”

“नहीं,” नीलम म्हणाली. “फिर हम अर्थ ढूँढेंगे.”

सगळी वरात खाली निघाली. पुढे नीलम, मुठीत फ्यूज, मागे पुत्तन भैया, त्यांच्या मागे गयाबाई मितूला घेऊन, शेवटी राजरत्न. सरोज आंटी स्वयंपाकघरात होत्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. मुलगा वेदांत हैदराबादला. नीलम आत गेली आणि बोलायला तोंड उघडलं, तर समोर फ्रिज. फ्रिजच्या दाराखाली निळ्या रबरी चपलेचा एक जोड, नीट शेजारी शेजारी ठेवलेला. आंटींच्या पायात मात्र कापडी सपाता होत्या. नीलमच्या देखत त्यांनी सपाता काढल्या, त्या निळ्या चपलेत पाय घातले, फ्रिज उघडला, पाण्याची बाटली काढली, दार लावलं, आणि परत सपाता घातल्या. इतकं सवयीनं, जसं कुणी उंबरा ओलांडताना पाय उचलतो.

“आंटी जी, ये चप्पल?”

“ये? ये फ्रिज वाली है. बिना इसके खोलो तो झनझनाता है ज़रा.”

“कब से?”

“जब से बरामदे में टाइल लगवाई, वेदांत की शादी में. सात बरस हुए होंगे.”

गयाबाई तोवर बरामद्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, पोचल्या होत्या. मीटरच्या पेटीखालून एक हिरवी तार भिंतीवरून उतरत आली होती आणि चकचकीत टाइलच्या काठाशी कापल्यासारखी संपली होती. त्यांनी टाइलवर अंगठा टेकवला. “हे पाह्य. खड्डा इथं होता. ह्याच्याखाली गाडला.” मग आंटींकडे वळून त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, “दीदी, तुम्हारा अर्थिंग टाइल के नीचे दफन हो गया. अब पानी कौन डालेगा उसको?”

“टाइल नहीं टूटेगी,” सरोज आंटी ताबडतोब म्हणाल्या. “एक नहीं टूटेगी. और बहू, किरायेदार हो, किरायेदार की तरह रहो. दुनिया भर का ठेका मत लो.”

“टाइल मत तोड़िए,” नीलम म्हणाली. “क्यारी दे दीजिए.” फाटकाशी मधुमालतीचा वेल होता, त्याच्या मुळाशी हातभर मोकळी माती. आंटी रोज तिथं पाणी घालत. “एक छड़ गाड़ेंगे, बस. आपकी बेल को कुछ नहीं होगा. और अगर ये भी मना है तो साफ़ कहिए, हम इस महीने मकान छोड़ देंगे. मेरी बच्ची चप्पल पहनकर रेंगना नहीं सीखेगी.”

राजरत्न घसा खाकरून काहीतरी म्हणणार होता. घर सोडायचं, मे महिन्यात, क्वार्टरचा नंबर लागलेला नसताना! पण त्यानं मितूकडे पाहिलं, ती आजीच्या खांद्यावरून, उघड्या दारातून दिसणाऱ्या त्या निळ्या चपलेकडे हात पसरत होती. “हाँ,” तो म्हणाला, “छोड़ देंगे.”

सरोज आंटींनी वेलाकडे पाहिलं. “जड़ बचाकर,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुत्तन भैया तांब्याचा मुलामा असलेली लांब सळई आणि घण घेऊन आले. एकटे नव्हे, तर शरद नावाच्या आपल्या मेव्हण्याला घेऊन. दोघांनी पाळीपाळीनं ती सळई पाणी पाजलेल्या मातीत पार बुडेपर्यंत ठोकली. जाड हिरवी तार भिंतीच्या बाहेरून वर चढवली आणि नव्या सॉकेटच्या मोठ्या पिनेला जोडली. खाली, वरच्या मजल्याच्या मेन बोर्डात नीलमनं सांगितलेला स्विच बसवला, जो करंटची गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत आपणहून खाली पडतो. पुत्तन भैयांनी तो बसवला, पण तोंड वाकडं करून. “ये ज़रा ज़रा सी बात पर गिरेगा, भाभी जी. दिन में दस बार नीचे दौड़ेंगी.”

“दौड़ूँगी.”

“टाच दुखते ना तुझी?” राजरत्न पुटपुटला.

“दुखू दे.”

नव्या स्विचवर एक छोटं चाचणीचं बटण होतं. नीलमनं ते दाबलं. खट् करून दांडी पडली. परत वर केली. मग वर येऊन नव्या सॉकेटात कूलरचा तीन पिनांचा प्लग घातला. सगळे दोन पावलं मागे उभे. मितू बेडरूममध्ये, दार लावून.

राजरत्ननं कूलरचं बटण दाबलं.

खट्. खालून मेन बोर्डातून आवाज आला आणि घर गप्प झालं.

“हमने कहा था ना!” पुत्तन भैयांना आनंद लपवता येईना. “गिर गया.”

“म्हणजे कूलर गळतोय,” नीलम म्हणाली. “भैया, प्लग निकालिए और पंप खोलिए.”

पाण्याचा छोटा पंप टाकीच्या तळाशी असतो, अर्धा बुडालेला. पुत्तन भैयांनी प्लग काढून तो वर उचलला. वायर जिथं पंपात शिरते, तिथं वरचं काळं आवरण फुगून फाटलं होतं आणि आत तांबं हिरवं पडलेलं दिसत होतं. महिनाभर ते तांबं पाण्यात होतं, आणि पाणी पत्र्यात.

पुत्तन भैयांनी त्या फाटक्या आवरणावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी खिशातून तो लाल तुकडा काढला, जो काल त्यांनी सॉकेटातून काढून तिथं टाकला होता, आणि खिडकीतून बाहेर फेकला.

“हमारे घर में भी तीन जगह ऐसे ही लगा है,” ते म्हणाले. “अपने हाथ से लगाया.”

“तो आज पहले अपने घर जाइए,” नीलम म्हणाली. “हमारा पंप कल भी बदल सकता है.”

ते खरंच गेले. पंप शनिवारी बदलला. कूलर लागला, दांडी पडली नाही. गयाबाई अनवाणी, ओल्या हातांनी पुढे गेल्या, पत्र्याला हात लावला आणि तसाच ठेवला. मोजत नव्हत्या, फक्त ठेवला होता. मग म्हणाल्या, “आता चहा टाक. दोन चमचे.”

“आई, शुगर खरंच थोडी वाढलेली आहे.”

“मग एक टाक. पण टाक.”

पाट नीलमनं उचलून माळ्यावर टाकला. चपलेचा पट्टाही शिवून आणला, पण समोरच्या खोलीच्या दाराशी ती आता चप्पल काढून ठेवते. डॉक्टर काही म्हणोत.

खालचं मात्र राहिलं. पुत्तन भैयांनी सळईपासून हिरव्या तारेचा आणखी एक फाटा आंटींच्या मेन बोर्डाशेजारी गुंडाळून लटकवून ठेवलाय. अर्ध्या दिवसाचं काम. नीलम चारदा जाऊन आली. आंटी म्हणतात, वेदांत दिवाळीला येईल तेव्हा बघू, तोवर मेरी चप्पल ज़िंदाबाद. पाचव्यांदा गेली तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं. आता जूनमध्ये गयाबाईंना अकोल्याला पोचवायला सगळे तीन आठवड्यांसाठी जाणार, आणि ह्याच दिवसांत आँधी येते, खांबावरच्या तारा तुटतात.

सामान बांधता बांधता नीलमनं लखनौच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. तिथं एरवी पोहे कुठं चांगले मिळतात आणि गणपतीची वर्गणी, एवढंच चालतं. राजरत्ननं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, “लोक म्हणतील, हिला काय पडलंय.” “म्हणू देत,” ती म्हणाली आणि लिहीत राहिली:

“आम्ही तीन आठवडे नाही आहोत. आमच्या घरमालकीण सरोज आंटी खाली एकट्या आहेत. मानक नगरच्या बाजूला कुणी येणार असेल तर पाच मिनिटं त्यांच्याकडे डोकवा, पत्ता मी देते. चहा घ्या, नाही म्हणू नका. फ्रिजला हात लावू नका, फक्त त्याच्या पायाशी बघा. निळी चप्पल अजून तिथंच असेल तर मला कळवा, आणि त्या चिडल्या तरी पुन्हा विषय काढा. आणि हे वाचणाऱ्या तुम्ही, जिथं असाल तिथं, आज आपल्या ओळखीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाऊन बघा. पाट, पायपोस, लाकडी काठी, कोरडा रुमाल, असं काही कूलरपाशी, फ्रिजपाशी, मशीनपाशी ठेवलेलं दिसतं का? दिसलं तर त्यांना विचारा, मुंग्या कधीपासून येतात. आणि ते ‘काही नाही’ म्हणाले तर पटकन ऐकू नका; मीही हात लावून ‘काही नाही’च म्हटलं होतं.”